खड्ड्यावाचून आखाडा

ज्याने नाद दिला आणि नादाच्या उदरात मौनही ठेवले, त्या दयाघनाला प्रथम वंदन. गाणाऱ्याचा कंठ त्याचा, ऐकणाऱ्याचा कानही त्याचाच. जे अमंगळ सांगावे लागणार आहे ते सांगताना वाणी त्याच्या हाती राहो.

१

त्रिनिदाद बेटाच्या दक्षिणेस, जेथे उसाची शेते संपून कोकोच्या बागा सुरू होतात, तेथे ला रेत नावाचे गाव आहे. त्या गावात अन्सेल्म लेझामा रेडिओ दुरुस्त करीत असे. घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे मुके झालेले रेडिओ असत, आणि मागच्या खोलीत त्याचे खरे दैवत: दोन टेपयंत्रे, एक मायक्रोफोन, आणि आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. सकाळी कोको उकळायचा, भाकरीसारख्या जाड, बेक नावाच्या रोटीचा तुकडा त्यात बुडवून खायचा, दार लावून घ्यायचे आणि गाणी जुळवीत बसायचे, हा त्याचा नित्यनेम होता.

गाणी त्याची पत्नी मेर्लीन हिच्यासाठी. तिचा गळा असा, की ती अंगणात कपडे वाळत घालताना गुणगुणू लागली तर रस्त्याने जाणारा क्षणभर थबके. पण आजवर ती दुसऱ्यांच्या मागे उभी राहून साथच देत आली होती. या वर्षी मात्र कार्निव्हलच्या सोमवारी प्रिन्सेस टाऊनच्या रस्त्यावर एका ट्रकवर तिला पुढे उभे राहून गायचे होते. रस्ता उचलला जाईल असे एक गाणे हवे होते, एवढेच.

गाणे सोकाचे. आज सोका म्हणजे नाचण्याचे संगीत. पण त्याचा मूळपुरुष नाचण्यासाठी जन्मला नव्हता. गुलामीच्या काळी उसाच्या मळ्यांत काठीचे आखाडे भरत, दोन पुरुष पुई लाकडाच्या काठ्या घेऊन समोरासमोर उतरत आणि ढोल त्यांना झुंजवीत असे. त्या ठेक्याचे नाव कलिंदा. सरकारने ढोल बंद केले, तेव्हा लोकांनी बांबू जमिनीवर आपटले. बांबू बंद झाले, तेव्हा लोखंड बडवले. पुढे शहरच्या वाजंत्र्यांनी त्यावर गिटार आणि कर्णे चढवले, शब्दांना थट्टा आली, मग वीज आली, आणि ठेका डोक्यातून उतरून कमरेत शिरला. सर्वांना हायसे वाटले. अन्सेल्मला मात्र त्या ठेक्याचे मूळ हवे होते. मूळ तोंडात घातल्याशिवाय उसाची गोडी कळत नाही, असे तो म्हणे.

म्हणून त्याने पापा झेफिरिनला बोलावले. हा म्हातारा तरुणपणी, खेड्यांतून पुढेही भरत राहिलेल्या आखाड्यांचा ढोलकरी होता, आणि नम्रतेशी त्याचा कधी संबंध आला नव्हता.

"काय रे रेडिओवाल्या," खोलीत पाऊल टाकताच तो म्हणाला, "अंडी एवढी दिसतायत, कोंबड्या कुठं पळाल्या?"

"कोंबडा आला की आत्ताच," मेर्लीन दारातून म्हणाली.

"बघ बाई, म्हातारा झाला तरी कोंबडाच म्हणतेस. अन्सेल्म, लिहून ठेव, बायको तुझी पारखी आहे. आणि कॅसेटवर माझं नाव मोठं पाहिजे."

"तुमच्या मापाचं कव्हर निघत नाही, पापा."

म्हाताऱ्याने ढोल मांड्यांत धरला. "थांबू कधी?"

"वाटेल तेव्हा थांबा."

"मला वाटत नसतं रे. मला दिसतं." आखाड्याच्या मधोमध एक खड्डा असे, हे ला रेतमध्ये लेकरालाही ठाऊक होते. ज्याचे डोके फुटे तो त्या खड्ड्यावर वाके; पहिला थेंब मातीत पडला की ढोलकरी हात उचले, आणि काठी हवेत असेल तेथेच थांबे. "थेंब पडल्याशिवाय हा हात कधी उचलला नाही मी. आता इथं कुणाचं टाळकं फोडायचं? तुझं?"

"माझ्यात रक्तच नाही, पापा. नुसती तार आहे."

तिघेही हसले. म्हातारा वाजवीत राहिला, आणि बोटे दुखू लागली तेव्हा शिवी हासडून थांबला. त्या संध्याकाळी अन्सेल्मने टेपचा शेवट कापून टाकला. मधला एक भरीव तुकडा निवडला, त्याची दोन टोके जोडून गोल केला आणि यंत्रावर चढवला. ठेका फिरू लागला. त्याला आता आरंभ नव्हता आणि अंतही नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकोचा पेला हातात घेऊन तो एकटा ऐकत बसला होता, तेव्हा ठेक्याच्या आत त्याला काहीतरी ऐकू आले. कट्ट.

कोरड्या लाकडाचा आवाज. पत्र्यावर आंबा पडला असेल. त्याने बाहेर जाऊन पाहिले; आंब्याला अजून मोहोरही आला नव्हता. म्हाताऱ्याची अंगठी ढोलाच्या कडेला लागली असेल. पण तसे असते तर तुकडा फिरून आला की आवाजही त्याच जागी यायला हवा होता. टेपवरचा ओरखडा जागा बदलत नाही. हा आवाज बदलत होता. कधी ठेक्याच्या आधी, कधी नंतर, कधी दोन लागोपाठ, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

अन्सेल्म शिकला होता तारांकडून. आवाज म्हणजे कंप, आणि कंपाला कारण असते, ही त्याची श्रद्धा. त्याने यंत्राचे टेप वाचणारे हेड पुसले, ठेका दुसऱ्या टेपवर उतरवला, मध्येच वीज बंद करून पाहिली. वीज आली, ठेका आला, कट्ट आले.

"राहू दे की," मेर्लीन मागून म्हणाली. "छान लागतंय. लाकडासारखं."

"आपण लाकूड वाजवलंच नाही, मेर्लीन."

"मग फुकटात मिळालं. तू ना, देवानं सरबत दिलं तरी पेल्याचं बूड तपासशील."

आणि ती त्यावर गाऊ लागली. शब्द सोपे होते: हात वर कर, आणखी वर, खाली आणू नकोस. तिच्या आवाजाने खोली भरून गेली, आणि अन्सेल्मने सगळी कारणे बाजूला ठेवली. कारण इतके सुंदर ती पूर्वी कधी गायली नव्हती.

त्याच आठवड्यात एका दुपारी त्याला पुन्हा तो आवाज आला. लाकडावर लाकूड, लाकडावर लाकूड. एक मारतो आहे, दुसरा अडवतो आहे. मग एकदा निराळाच आवाज झाला. पायरीवर आपटलेल्या नारळासारखा, आणि नारळात पाणी असावे तसा.

पण ठेका थांबला नाही, फिरत राहिला. थोड्या वेळाने पुन्हा तोच आवाज आला. अडवणारी काठी आता ऐकू येत नव्हती.

३

कॅसेट बाजारात आली आणि वणव्यासारखी पसरली. टॅक्सीत, रमच्या दुकानात, न्हाव्याकडे, शाळेच्या भिंतीपलीकडे तेच गाणे. म्हाताऱ्यांचेसुद्धा पाय हलू लागले. "आजोबाच्या भांडणाला नातीनं घागरा नेसवला," असे लोक कौतुकाने म्हणत. प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या. कुणाचा भाऊ लंडनला घेऊन गेला, कुणाची मावशी न्यूयॉर्कला.

एका रविवारी दुपारी क्रिकेटच्या मैदानावर नाच होता. अन्सेल्म स्वतः यंत्रापाशी उभा होता, म्हणून त्याने जे पाहिले ते नीट पाहिले. पिवळ्या झग्यातली एक मुलगी दोन्ही हात वर करून नाचत होती, हसत होती. तिच्याजवळ कोणी नव्हते. आणि हसता हसता तिचे डोके उघडले. डाव्या कानशिलाच्या वर, केसांच्या कडेपासून मागे, सरळ रेघ. रक्त झग्यावर उतरले तरी तिचे हसू क्षणभर तोंडावर तसेच राहिले होते. मग ती गुडघ्यांवर आली.

"बाटली! बाटली मारली कुणीतरी!"

कोणीतरी कोणाची तरी गचांडी धरली. पाहता पाहता मैदान पेटले. एका पोराला ओढून खाली पाडले आणि बुटांनी त्याचा जबडा मोडला. एकाचा कान दातांनी फाडला गेला. कुणी स्टंप उपटून फिरवू लागला. अन्सेल्मने टेप बंद केली. बंद करताना त्याच्या ध्यानात आले, की मारणाऱ्यांचे हात टेपच्या ठेक्यावर पडत होते, आणि टेप बंद झाल्यावरही त्याच ठेक्यावर पडत राहिले होते.

बाटलीची काच मैदानात सापडली नाही.

पुढे एका टॅक्सीवाल्याचे डोके फुटले. गाडी उभी होती, गाणे चालू होते. दारावर आपटले असेल, असे सगळे म्हणाले. अन्सेल्मने रात्रंदिवस त्याचा विचार केला. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, दार उजवीकडे. जखम डाव्या बाजूला होती, आणि डावीकडे रिकामी जागा होती.

डाव्या बाजूस जखम करायला समोर उजव्या हाताचा माणूस लागतो. हा विचार त्याने तेथेच मोडला. कंपाला कारण असते, असे तो स्वतःशी म्हणाला. आणि प्रथमच त्याला कारणाचीच भीती वाटली.

४

कार्निव्हल तोंडावर आला असता तो हातात नेता येईल असे छोटे टेपयंत्र घेऊन पापा झेफिरिनकडे गेला. भर दुपार होती. म्हातारा अंगणात बाकावर बसून कसाव्याचे कंद सोलत होता.

"या, या, गाण्याचे बाप! मी आजोबा. गावात माझ्याकडं बघून बायका आता लाजतात, माहितेय?"

"पापा, एकदा ऐका. नीट ऐका."

ठेका सुरू झाला. म्हातारा आधी छाती फुगवून हसला. मग त्याने सुरी खाली ठेवली. त्याची बोटे गुडघ्यावर वाजू लागली. मग तो पुढे झुकला आणि अंगणाच्या मध्यभागी जमिनीकडे पाहू लागला, जणू काही शोधीत होता.

"कुठाय?" तो म्हणाला.

"काय, पापा?"

"खड्डा कुठाय? डोकं फुटलंय त्याचं, केव्हाचं फुटलंय. थेंब कुठं पडतोय ते दिसेना मला." त्याचा स्वर खाली गेला. "श्वास ऐकतोस? मारणारा दमलाय रे. हात गळून आलेत त्याचे. पण मी वाजवतोय, तर तो थांबेल कसा?"

अन्सेल्मने यंत्र बंद केले. अंगणात कोंबडीच्या पायांखालचा पाचोळासुद्धा ऐकू येईल अशी शांतता पसरली. त्या शांततेत म्हाताऱ्याची बोटे गुडघ्यावर वाजत होती. तोच ठेका, शेवट नसलेला.

"थांबा, पापा."

"तूच थांबव ना. शेवट तू कापलास."

अन्सेल्मने त्याची मनगटे धरली. वाळलेल्या काटक्यांसारखी मनगटे, पण त्याच्या दोन्ही हातांना ती आवरेनात. आत कोणीतरी दुसरेच ओढत असावे. पायजम्याचे कापड गुडघ्यावर झिजून फाटले होते. त्याखालची कातडीही सोलवटली होती आणि तीवर बोटे पडतच होती.

"ज्याचं फुटलं तो संपला," म्हातारा पांढऱ्या ओठांनी म्हणाला. "आता जो पुढं येऊन उभा राहील त्याला तो मारणार. गाणाराच पुढं उभा असतो, पोरा. मेर्लीनला उभी करू नकोस."

संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्याचे हात चादरीने बांधून त्याला इस्पितळात नेले. बांधलेली बोटे चादरीच्या आत हलत होती.

५

"पापाला वाताचा झटका आलाय," मेर्लीन आरशासमोर कपाळाला चमकी लावीत म्हणाली. सोमवारची सकाळ होती. "आणि तुला भीतीचा."

"दुसरं कुठलंही गाणं म्हण. हात जोडतो."

"दुसरं कुठलं? लोक येणारेत ते या गाण्यासाठी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पाठीमागं आ-आ करत उभी राहिले, त्यांच्या घामाचा वास घेत. तेव्हा नाही कुणाचं डोकं फुटलं. मी पुढं आले आणि लगेच भूत निघालं होय?"

"भूत म्हटलं नाही मी."

"मग काय म्हटलंस? सांग. तूच म्हणतोस ना, कारण असतं म्हणून? दे कारण."

त्याने तिच्यापुढे खरोखरच हात जोडले. ती निघून गेली.

दुपारच्या उन्हात प्रिन्सेस टाऊनचा रस्ता माणसांनी दुथडी वाहत होता. खलाशांचे सोंग घेतलेल्यांनी उधळलेली पांढरी पावडर हवेत धुक्यासारखी तरंगत होती. ट्रकवर मेर्लीन उभी होती, आणि हजारो हात तिच्या शब्दासरशी वर गेले होते. हात वर कर, आणखी वर, खाली आणू नकोस. अन्सेल्म खांद्यांनी माणसे फोडीत ट्रकपाशी पोहोचला, मागे चढला आणि टेपयंत्रातून टेप मुठीने उपसून तोडली.

ट्रकवरचे ध्वनिवर्धक कर्णे बंद पडले. रस्ता मात्र थांबला नाही. हजारो पाय तोच ठेका आपटीत होते. कुणी बाटलीवर चमचा धरला होता. एक आडव्या बांध्याची बाई मोटारीच्या चाकाचे लोखंड काखेत घेऊन दांड्याने बडवीत होती, आणि लोखंडातून उठणारा ठेका यंत्रापेक्षाही खणखणीत होता. ढोलातून टेपमध्ये गेलेली गोष्ट टेपमधून माणसांत उतरली होती. आता तोडायला तार उरली नव्हती.

"हे गाणं थांबत नाही!" मेर्लीन हर्षाने ओरडली. ती उडी मारून खाली रस्त्यावर उतरली, आणि तिला नाचायला जागा व्हावी म्हणून लोक मागे सरले. सरता सरता गोल झाला. कोणी सांगितले नव्हते, पण तो बरोबर आखाड्याएवढा झाला. भोवती हाणामाऱ्या सुरू झाल्या होत्या. कडेला एकाचे नाक फुटून तोंड लाल झाले होते आणि तो तशाच तोंडाने गात होता. गोलात मात्र मेर्लीन एकटी होती, हात वर, डोके उघडे.

एकटी? वरून पावडर खाली बसत होती. ती डांबरावर बसली, मेर्लीनच्या केसांवर बसली, आणि तिच्या समोर, खांद्याच्या उंचीवर, हवेत एका जागी बसली. अन्सेल्मला एक पाठ दिसली. वाकलेली. अतिशय दमलेल्या माणसाची पाठ श्वासाबरोबर जशी वरखाली होते तशी ती होत होती. त्या पाठीच्या वर काठी धरलेला एक हात उचलला जात होता, सावकाश, नाइलाजाने. वाऱ्याची झुळूक आली आणि तेथे काही नव्हते.

अन्सेल्म धावला. मेर्लीनला त्याने दोन्ही हातांनी मागे ढकलले आणि तिच्या जागी उभा राहिला.

त्याला वेदना आधी झाली नाही. आधी आवाज आला, पायरीवरच्या नारळाचा, या वेळी आतून. तो गुडघ्यांवर आला. डोळ्यांवर रक्त उतरले. ते डांबरावर पडत होते आणि उताराने वाहून जात होते, कोठेही साचत नव्हते, आणि ठेका चालू होता. वर पुन्हा काठी उचलली जात आहे हे त्याला न पाहता कळले. थेंबाला जागा हवी होती. त्याने कपाळाखाली दोन्ही हातांची ओंजळ केली.

ओंजळीत रक्त साचले.

लोखंड वाजवणाऱ्या बाईची नजर तिकडे गेली. ती पंचविशीची असेल. आखाडा तिने जन्मात पाहिला नव्हता. पण तिचा हात उचलला गेला आणि वरच राहिला. चमचा थांबला. पाय थांबले. गोलाच्या कडेपासून शांतता मागे मागे पसरत गेली, आणि त्या शांततेत कोणीतरी, अन्सेल्मच्या अगदी जवळ, सुटकेचा एक दीर्घ श्वास टाकला.

"अन्सेल्म! अरे, काय झालं हे? कुणी मारलं?" मेर्लीन त्याच्यापाशी बसली. तिने त्याचे डोके छातीशी घेतले. ती जिवंत होती, अखंड होती, रडत होती. त्याला तेवढे पुरे होते.

मग रस्त्याच्या वळणावर दुसरा ट्रक आला.

त्याच्या कर्ण्यांतून तिचाच आवाज येत होता. कुणाच्या तरी प्रतीची प्रत. त्याच्या मागे आणखी एक ट्रक, त्यावरही तेच. डावीकडच्या रमच्या दुकानातून तेच, वरच्या सज्ज्यातल्या रेडिओतून तेच. आणि समुद्रापलीकडच्या न पाहिलेल्या शहरांत, बंद खोल्यांत, ओळीने फिरणारी यंत्रे, ज्यांना थेंब पाहायला डोळे नाहीत. हात वर कर, आणखी वर. वळणावरच्या गर्दीचे हात वर गेले.

मेर्लीनने ते ऐकले. लाकडावर लाकूड, एकदा. तिने मान वर केली नाही. तिने आपले दोन्ही तळवे नवऱ्याच्या फुटलेल्या डोक्यावर घट्ट झाकून धरले. तिचे स्वतःचे डोके उघडेच राहिले.

श्रोतेहो, तुमच्या घरी गाणे नांदो. ज्या घरी ठेका धरला जाईल, त्या घरी तो वेळेवर सोडणारा हातही असो. तुमच्या लेकरांच्या माथ्यावर दयाळाची सावली राहो, आणि कोणाचेही दार, कोणाचाही उंबरा त्या सावलीला पारखा न होवो.